लॅटिनमधील क्रियाविशेषणांची घडण आणि मराठीतील 'क्रियाविशेषण अव्यय' ही संज्ञा : एक चिकित्सा

मराठी व्याकरणाच्या पाठ्यपुस्तकांत क्रियाविशेषणाची जी व्याख्या पिढ्यान्‌पिढ्या दिली जाते, तिचे दोन भाग असतात. क्रियेविषयी विशेष माहिती देणारा शब्द हा पहिला भाग आणि तो शब्द अविकारी असतो हा दुसरा. हे दोन्ही भाग 'क्रियाविशेषण अव्यय' या जोडसंज्ञेत एकत्र आणले आहेत. संज्ञेतील पहिला शब्द कार्य सांगतो, दुसरा रूप सांगतो. जे शब्द क्रियेचे विशेषण म्हणून येतात ते सर्व अव्यय असतात, असे या जोडणीत गृहीत धरलेले आहे. 'ती चांगली गाते', 'तो चांगला गातो', 'पोरे चांगली गातात' ही तीन साधी वाक्ये समोर ठेवली की हे गृहीतक डळमळू लागते. येथे 'चांगला' हा शब्द गाणाऱ्याच्या चांगुलपणाविषयी काही सांगत नाही, गाण्याच्या क्रियेविषयी सांगतो. म्हणजे कार्याने तो क्रियाविशेषण आहे, परंतु लिंगवचनानुसार बदलत असल्यामुळे रूपाने अव्यय नाही. विद्यार्थ्याने असा प्रश्न विचारला तर 'अपवाद' या एका शब्दाने त्याची बोळवण करण्यात येते. काही पुस्तकांत 'विकारी क्रियाविशेषण' अशी सोयही केलेली आढळते. मात्र व्याख्येतच अविकारित्व घालून नंतर विकारी पोटप्रकार मान्य करणे म्हणजे व्याख्या मागे घेणे होय.

ही अडचण मराठीची नसून व्याख्येची आहे, आणि व्याख्येचे मूळ शोधताना लॅटिनपर्यंत जावे लागते. अविकारी क्रियाविशेषणांचा स्वतंत्र वर्ग ही कल्पना ग्रीक व लॅटिन व्याकरणकारांची असून ती लॅटिनच्या अंगाला बऱ्याच अंशी बसणारी होती. ती तेथे का बसत होती आणि कोठे बसत नव्हती, हे पाहिल्याशिवाय मराठीत ती का बसत नाही हे कळणार नाही. (लॅटिन शब्द पुढे अभिजात काळातील उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत.)

लॅटिनमधील घडण

लॅटिनमध्ये बहुतेक विशेषणांपासून क्रियाविशेषण बनविण्याची ठरावीक रीत आहे. 'आल्तुस' म्हणजे उंच किंवा खोल, त्यापासून 'आल्ते'; 'फोर्तिस' म्हणजे शूर, त्यापासून 'फोर्तितेर'; 'प्रूदेन्स' म्हणजे शहाणा, त्यापासून 'प्रूदेन्तेर'. पहिल्या गटातील विशेषणांना दीर्घ -ए लागतो, तर तिसऱ्या विभक्तिगणातील विशेषणांना -इतेर किंवा -तेर. 'बोनुस' (चांगला) आणि 'मालुस' (वाईट) यांची रूपे 'बेने' व 'माले' अशी होतात. ती नित्य वापरातली असल्याने त्यांचा अंत्य स्वर घासून ऱ्हस्व झाला आहे. ही रूपे लिंग, वचन, विभक्ती यांपैकी कशानेही बदलत नाहीत. गाणारा पुरुष असो, स्त्री असो वा मुले असोत, 'बेने' हे 'बेने'च राहते. गाणाऱ्या स्त्रीविषयी 'बेने' ऐवजी 'बोना' हे स्त्रीलिंगी विशेषण वापरले तर अर्थच बदलेल. ती स्वतः चांगली असून गाते, असा काहीसा अर्थ निघेल. विशेषण आणि क्रियाविशेषण यांच्यात लॅटिनने रूपाची भिंत उभी केली आहे, आणि रोमन व्याकरणकारांनी ती भिंत पाहूनच वर्ग पाडला.

तथापि ही अविकारी रूपे मुळात आली कोठून, हे पाहिले तर चित्र वेगळे दिसते. इ.स.पू. १८६ मध्ये रोमच्या सेनेटने बाक्खुसच्या पूजाविधींवर निर्बंध घालणारा ठराव केला. त्याची काशाच्या पत्र्यावर कोरलेली प्रत दक्षिण इटलीतील कालाब्रिया प्रांतात १६४० साली सापडली. ती आता व्हिएन्ना येथे आहे. या लेखात 'सर्वांत सहजपणे' या अर्थाचे क्रियाविशेषण 'फाकिलुमेद' असे कोरलेले आहे. पुढील काळातील लॅटिनमध्ये तेच 'फाकिल्लिमे' असे येते. शेवटचा 'द्' गळला आहे. हा 'द्' जुन्या लॅटिनमधील अपादान विभक्तीचा, म्हणजे मराठी परिभाषेत पंचमीचा, प्रत्यय होता. -ए या स्वराचे मूळ तृतीयेचे की पंचमीचे याविषयी अभ्यासकांत चर्चा आहे. परंतु तो एकेकाळी विभक्तिप्रत्यय होता याविषयी शंका नाही. लॅटिनचे 'अव्यय' हे अशा रीतीने गोठलेले विभक्तिरूप आहे.

एकदा ही किल्ली हाती आली की लॅटिनमधील बहुतेक क्रियाविशेषणे उलगडतात. 'सुबितो' (अचानक), 'रारो' (क्वचित), 'फाल्सो' (खोटेपणाने) ही पंचमीची एकवचने. 'ग्रातीस' (फुकट) हे 'कृपा' या अर्थाच्या नामाचे पंचमीचे अनेकवचन, म्हणजे केवळ मेहेरबानीने, मोबदल्यावाचून. 'मुल्तुम' (पुष्कळ), 'प्रीमुम' (प्रथम), 'फाकिले' (सहज) ही विशेषणाची नपुंसकलिंगी द्वितीया एकवचने. 'पार्तिम' (अंशतः) ही भागवाचक नामाची जुनी द्वितीया. 'माग्नोपेरे' (अतिशय) हे दोन शब्दांचे, 'मोठ्या श्रमाने' असे पंचम्यन्त रूप. तरतमभावात तर गंमतच आहे. 'आल्ते' हे मूळ रूप जुन्या पंचमीचे, त्याचे तुलनावाचक 'आल्तिउस' नपुंसक द्वितीयेचे आणि श्रेष्ठतावाचक 'आल्तिस्सिमे' पुन्हा पंचमीच्या वळणाचे. एकाच शब्दाच्या तीन पायऱ्या दोन निरनिराळ्या विभक्तींतून आलेल्या आहेत. -इतेर या प्रत्ययाचे मूळ मात्र वादग्रस्त आहे. 'इतेर' म्हणजे वाट या नामाशी काहींनी त्याचा संबंध जोडला. तो सर्वमान्य नाही.

काही शब्दांच्या अर्थाचा प्रवास मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल. 'स्तातिम' हा शब्द उभे राहणे या अर्थाच्या धातूपासून आलेला. आरंभीच्या लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'ठामपणे, पाय रोवून' असा आढळतो, पुढे तो 'ताबडतोब' असा झाला. मराठीत 'उभ्याउभ्या येऊन गेला' यातील 'उभ्याउभ्या'चा अर्थ उभे राहण्यापेक्षा घाईचाच असतो. 'होदिए' म्हणजे 'या दिवशी', त्याचा अर्थ 'आज'. संस्कृत 'अद्य' याची घडणही दर्शक सर्वनाम आणि दिवसवाचक शब्द यांचीच, आणि त्यावरूनच प्राकृत 'अज्ज' मार्गे मराठी 'आज' आला. फ्रेंचमध्ये 'होदिए'चे झिजून नुसते 'वी' उरले, ते अपुरे वाटू लागले म्हणून त्याआधी पुन्हा दिवसवाचक शब्द लावून 'ओझूर्द्वी' असा शब्द झाला. अक्षरशः पाहता त्याचा अर्थ 'आजच्या दिवसाच्या दिवशी' असा होतो. क्रियाविशेषणे झिजतात, आणि झिजली की भाषा जवळच्या विभक्तिरूपाने ती पुन्हा भरून काढते.

वर्गाचे नाव आणि आठ हा आकडा

लॅटिन 'आद्वेर्बिउम' ही संज्ञा ग्रीक 'एपिर्रेमा' या शब्दाचे शब्दशः भाषांतर आहे. क्रियापदाजवळ ठेवलेला शब्द एवढाच तिचा अर्थ. दिओनिसिओस थ्राक्स याच्या नावावर असलेल्या ग्रीक व्याकरणात वाक्याचे आठ घटक सांगितले आहेत व क्रियाविशेषण त्यांपैकी एक आहे. इ.स.पू. पहिल्या शतकातील वार्रो याने याहून अधिक तर्कशुद्ध वाट घेतली होती. विभक्ती असलेले, काळ असलेले, दोन्ही असलेले आणि दोन्ही नसलेले अशी शब्दांची चौकट त्याने मांडली. ही निव्वळ रूपाची कसोटी होय. क्रियाविशेषणे अर्थातच चौथ्या कप्प्यात पडतात. पण त्याची ही मांडणी शाळेत टिकली नाही. टिकली ती ग्रीकांची आठांची यादी.

या आठ आकड्याचे आकर्षण मोठे विलक्षण आहे. ग्रीक यादीत आर्टिकल हा एक घटक होता. लॅटिनमध्ये आर्टिकल नाही, म्हणून खरे तर सातच घटक उरायचे. ग्रीकांनी क्रियाविशेषणातच धरलेले उद्गारवाचक शब्द रोमनांनी वेगळे काढले आणि आठ पूर्ण केले. चौथ्या शतकातील दोनातुस आणि सहाव्या शतकाच्या आरंभी कॉन्स्टँटिनोपल येथे शिकविणारा प्रिस्कियानुस यांच्या ग्रंथांतून हीच यादी युरोपभर गेली. प्रिस्कियानुसच्या अठरा खंडांच्या व्याकरणात क्रियाविशेषणांना पंधरावा खंड दिलेला आहे. विशेषणाचे नामाशी जे नाते तेच क्रियाविशेषणाचे क्रियापदाशी, हा विचार त्याने तेथे मांडला आहे. मराठी 'क्रियाविशेषण' या शब्दात नेमका हाच विचार दिसतो.

मराठीतही शब्दांच्या जाती आठच सांगितल्या जातात, म्हणून लॅटिनची यादी जशीच्या तशी आली असे वाटण्याचा संभव आहे. तसे नाही. लॅटिनच्या यादीत विशेषण वेगळे नव्हते, ते नामातच मोडत असे; आणि धातुसाधित मात्र स्वतंत्र घटक होते. मराठीने विशेषण वेगळे केले, धातुसाधित सोडले. संख्या तीच राहिली, आशय बदलला. या बदलाचा क्रियाविशेषणाच्या प्रश्नाशी सरळ संबंध आहे. विशेषण आणि क्रियाविशेषण हे दोन समान दर्जाचे शेजारी वर्ग झाल्यावर त्यांच्यातील सीमारेषा ठरविणे भाग पडले, आणि त्या सीमेवर विकारी-अविकारी हीच कसोटी रोवण्यात आली.

लॅटिन व्याकरणाचा साचा महाराष्ट्र-गोव्याच्या भाषांपर्यंत दोन वाटांनी आला. पहिली वाट मिशनऱ्यांची. फादर थॉमस स्टीफन्स यांनी पोर्तुगीजमधून लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्यांच्या निधनानंतर १६४० साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. ते लॅटिन व्याकरणाच्या आराखड्यावर रचलेले आहे. (काशाचा पत्रा कालाब्रियात सापडला तेच हे वर्ष, हा निव्वळ योगायोग.) दुसरी वाट इंग्रजीची. इंग्लंडमध्ये विद्यार्थी शतकानुशतके लॅटिनचेच व्याकरण शिकत, आणि इंग्रजीची व्याकरणे त्याच चौकटीत लिहिली गेली. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली सेरामपूरहून निघाले. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे व्याकरण १८३६ साली आले, त्यावर इंग्रजी व्याकरणांची छाया असल्याचे मराठीच्या अभ्यासकांनी वेळोवेळी दाखविले आहे. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ सालचे. या परंपरेत संस्कृतच्या संज्ञा आणि इंग्रजीमार्गे आलेल्या लॅटिनच्या कल्पना यांचा जो संगम झाला, त्यातून 'क्रियाविशेषण अव्यय' ही जोडसंज्ञा रूढ झाली.

संस्कृतमधील दोन कल्पना

संस्कृत व्याकरणात या दोन कल्पना वेगळ्या होत्या, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. 'अव्यय' ही रूपाची संज्ञा आहे. पाणिनीने पहिल्या अध्यायात अव्ययांची यादी व लक्षणे दिली; दुसऱ्या अध्यायात अव्ययानंतर येणाऱ्या विभक्तिप्रत्ययांचा लोप सांगितला. म्हणजे त्याच्या मते अव्ययाला प्रत्यय नसतात असे नाही, ते लागतात आणि लोपतात. 'क्रियाविशेषण' ही मात्र शब्दाची जात नसून वाक्यातील कार्य आहे. 'मृदु पचति', 'स्तोकं पचति' या परंपरागत उदाहरणांत 'मृदु' व 'स्तोकम्' ही क्रियेची विशेषणे आहेत, पण त्यांना अव्यय म्हटले जात नाही. ती नपुंसकलिंगी द्वितीया एकवचनाची रूपे मानली जातात. लॅटिनच्या 'फाकिले' आणि 'मुल्तुम' यांची हीच घडण वर येऊन गेली आहे. ग्रीकमध्येही 'ताखी' (वेगाने) आणि 'पोली' (पुष्कळ) ही नपुंसक द्वितीयेचीच रूपे होत. तीन दूरच्या भाषाभगिनींनी क्रियेला विशेषण लावायचे तर नपुंसक द्वितीया वापरायची, असा एकच मार्ग पत्करला.

दुसरीकडे 'उच्चैः', 'नीचैः', 'शनैः' ही तृतीयेच्या अनेकवचनाची गोठलेली रूपे पाणिनीय परंपरेने अव्ययांत घातली आहेत. लॅटिनचे 'ग्रातीस' हे याच जातीचे. 'सुखेन', 'बलात्', 'चिरात्' ही मधल्या अवस्थेतील रूपे. ती विभक्त्यन्त आहेत हे अजून दिसते, पण अर्थाने ती क्रियाविशेषण झाली आहेत. अशा रीतीने संस्कृतमध्ये काही क्रियाविशेषणे अव्यये आहेत व काही नाहीत, आणि 'च', 'वा' यांसारखी पुष्कळ अव्यये क्रियाविशेषणे नाहीत. दोन वर्तुळे एकमेकांना छेदतात. मराठी व्याकरणाने एका वर्तुळाला दुसऱ्याच्या पोटात बसविले. लॅटिनचा विचार करता हे समजण्याजोगे आहे, कारण तेथे छेदाचा भाग खूप मोठा आहे. संस्कृतची संज्ञा हाताशी असताना संस्कृतने केलेला भेद मात्र सोडून देण्यात आला, याचे नवल वाटते.

मन, शरीर आणि प्रत्यय

लॅटिनपासून निघालेल्या भाषांनी -ए व -इतेर ही दोन्ही रूपे जवळजवळ टाकून दिली. त्यांच्या जागी 'मेन्ते' आले. 'मेन्स' म्हणजे मन, 'मेन्ते' हे त्याचे पंचमीचे रूप. 'हट्टी मनाने' अशा अर्थाचा शब्दबंध इ.स.पू. पहिल्या शतकातील कवी कातुल्लुस याने वापरलेला आहे. तेथे मन हे खरोखरीचे मन आहे. आठव्या शतकाच्या सुमारास तयार झालेल्या राइखेनाऊच्या शब्दटिपणांत अवघड वाटू लागलेल्या 'सिंगुलारितेर' या जुन्या शब्दाचा अर्थ 'सोलामेन्ते' असा दिलेला आहे. एकट्या मनाचा येथे काहीच संबंध नाही, 'केवळ' एवढाच अर्थ उरला आहे. आज इटालियनमध्ये आगगाडीही 'लेन्तामेन्ते', म्हणजे सावकाश, चालते. मूळ 'मेन्स' स्त्रीलिंगी होते याची खूण मात्र विशेषणात शिल्लक आहे. प्रत्ययापूर्वी विशेषण स्त्रीलिंगीच असते. स्पॅनिशमध्ये अशी दोन क्रियाविशेषणे जोडून आली तर 'मेन्ते' एकदाच, शेवटी येते. प्रत्यय अजून स्वतंत्र शब्दासारखा वागतो आहे. रोमानियन भाषेने हा मार्ग सहसा घेतला नाही. तेथे विशेषणाचे पुल्लिंगी रूपच क्रियाविशेषण म्हणून चालते.

इंग्रजीतील -ली या प्रत्ययाच्या मुळाशी शरीर या अर्थाचा शब्द आहे, तोही असाच झिजलेला. त्याआधीच्या इंग्रजीत केवळ अंत्य -ए लावून क्रियाविशेषण होत असे. तो स्वर गळला, आणि 'हार्ड', 'फास्ट' यांसारखे शब्द दोन्ही कामांसाठी एकसारखे दिसू लागले. १७६२ साली बिशप रॉबर्ट लाउथ यांनी आपल्या इंग्रजी व्याकरणात विशेषणे क्रियाविशेषण म्हणून वापरण्यास दोष दिला. भाषेचा इतिहास पाहता असे कित्येक शब्द उलट जुने आणि शुद्ध वंशाचे आहेत. जर्मन भाषेत तर विशेषण नामाआधी आले की चालते आणि क्रियेसोबत आले की प्रत्ययरहित राहते. वेगळा वर्ग मानण्याची फारशी गरजच नाही. रोमन डोळ्यांना जे अशुद्ध दिसले ते जर्मन शाखेतील भाषांना स्वाभाविक होते.

लॅटिनमध्ये भिंत कोठे फुटते

लॅटिनची भिंत सर्वत्र अभेद्य होती असेही नाही. मनाची स्थिती, क्रम किंवा इच्छा-अनिच्छा सांगताना लॅटिन भाषा क्रियाविशेषणाऐवजी विशेषणच पसंत करते. आनंदाने आला हे सांगायचे तर 'लाएतुस' (आनंदी) हे कर्त्याशी जुळणारे विशेषण येते, कर्ती स्त्री असेल तर 'लाएता'. नाखुषीने काही करणाऱ्यासाठी 'इन्वीतुस' असेच येते. 'प्रीमा' आली म्हणजे येणाऱ्यांत ती पहिली होती, 'प्रीमुम' आली म्हणजे तिने आधी येण्याची क्रिया केली. मराठीतही 'ती पहिली आली' आणि 'प्रथम ती आली, मग बसली' यांत हाच फरक आहे. फ्रेंच व्याकरणात तर 'तू' (अगदी) या क्रियाविशेषणाविषयी एक नियम मुलांना पाठ करावा लागतो. व्यंजनाने सुरू होणाऱ्या स्त्रीलिंगी विशेषणापूर्वी ते 'तूत' असे होते. अविकारी म्हणून घोषित झालेला शब्द लिंगानुसार बदलतो, आणि नियम त्याला अविकारीच म्हणत राहतो.

मराठीतील स्थिती

मराठीत फुटलेली जागा मोठी आहे. 'तू कसा आलास?' आणि 'तू कशी आलीस?' यांत 'कसा' हा शब्द येण्याच्या रीतीविषयी विचारतो. आगगाडीने की पायी, हे त्याचे उत्तर. लॅटिनमध्ये येथे 'क्वोमोदो' हे न बदलणारे रूप येईल, हिंदीतही 'कैसे' बदलणार नाही. मराठी मात्र रीतीच्या प्रश्नालाही लिंगवचन लावते. 'तो असा बोलतो', 'ती अशी बोलते', 'बरीच उंच मुलगी', 'बराच उंच मुलगा' ही याच पंक्तीतील उदाहरणे. हे अपवाद म्हणावेत इतके तुरळक नाहीत, उलट रोजच्या बोलण्याचा गाभाच आहेत.

'चांगला' या शब्दाची जुळणी कोणाशी होते हे बारकाईने पाहिले तर एक सुसंगत नियम हाती येतो. 'ती चांगली गाते' यात जुळणी कर्त्याशी. 'तिने निबंध चांगला लिहिला' यात कर्माशी. 'तो मराठी चांगली बोलतो' यात क्रियापद कर्त्याशी जुळते आहे, पण 'चांगली' मात्र कर्माशी. 'ती त्याला चांगली ओळखते' यात कर्माला प्रत्यय लागलेला असल्याने जुळणी कर्त्याकडे वळते. 'तिने त्याला चांगले ओळखले' यात कर्ता आणि कर्म दोघांनाही प्रत्यय आहेत. जुळायला कोणीच मोकळे नाही, आणि शब्द नपुंसकलिंगी एकवचनात जातो. प्रत्ययरहित कर्म असेल तर त्याच्याशी, नसेल तर प्रत्ययरहित कर्त्याशी, तोही नसेल तर नपुंसक एकवचन, असा हा क्रम आहे. लॅटिन, ग्रीक व संस्कृत यांनी जो नपुंसक एकवचनाचा मार्ग सरसकट घेतला, तो मराठीत दुसरा कोणताही मार्ग उरला नाही म्हणजेच घेतला जातो. भावे प्रयोगात क्रियापद हेच करते, हे लक्षात घेता विशेषण व क्रियापद यांची जुळणी एकाच व्यवस्थेची दोन अंगे ठरतात. 'अपवाद' म्हणून बाजूला सारलेल्या वाक्यांत मराठीच्या प्रयोगव्यवस्थेविषयीचा हा पुरावा पडून राहिला आहे, ही व्याख्येने केलेली खरी हानी होय.

मराठीत लॅटिनच्या 'आल्ते'सारखी गोठलेली रूपेही विपुल आहेत. 'पुढे', 'मागे', 'येथे', 'खाली', 'सकाळी', 'शांतपणे' यांच्या शेवटी असलेले स्वर अनेकांच्या बाबतीत जुन्या तृतीया-सप्तमीचे अवशेष आहेत. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम मान्य होईपर्यंत हे शब्द 'पुढें', 'मागें', 'खालीं', 'पणें' असे लिहिले जात. उच्चारात नसलेला तो अनुस्वार विभक्तीची खूण होता, काशाच्या पत्र्यावरील 'द्'सारखाच. तो काढला हे लेखनाच्या दृष्टीने योग्यच झाले. मात्र त्याबरोबर या शब्दांचे कूळ सांगणारी एकमेव दृश्य खूणही गेली, आणि 'पुढे' हा शब्द जन्मतःच अव्यय असल्यासारखा दिसू लागला.

'पुढे'च्या बाबतीत आणखी एक प्रश्न परीक्षेत हमखास येतो. 'तो पुढे गेला' यात क्रियाविशेषण, 'घरापुढे' यात शब्दयोगी. लॅटिनमध्ये 'आन्ते', 'पोस्त', 'कोन्त्रा' यांची गत हीच आहे. नाम सोबत नसेल तर ती क्रियाविशेषणे, असेल तर शब्दयोगी. लॅटिनचे शब्दयोगी बहुधा नामाआधी येत असले तरी 'मेकुम' (माझ्यासह) यासारख्या रूपांत ते मराठीप्रमाणे मागे चिकटतात. एकच शब्द दोन वर्गांत घालण्यापेक्षा स्थलकालवाचक शब्दांचा एक गट मानून त्याचे दोन उपयोग सांगणे दोन्ही भाषांना अधिक सोयीचे आहे. जाती आठच हव्यात असा आग्रह सोडला तरच ते शक्य होईल. अरविंद मंगरूळकर यांच्या 'मराठीच्या व्याकरणाचा पुनर्विचार' या शीर्षकातच या प्रकारच्या फेरतपासणीची गरज व्यक्त झाली आहे. महाविद्यालयीन अध्यापनात तरी क्रियाविशेषण हे कार्याचे नाव आणि अव्यय हे रूपाचे नाव म्हणून वेगवेगळे शिकविण्यास कोणतीच अडचण दिसत नाही. तसे केल्यास 'ती चांगली गाते' यातील 'चांगली' जातीने विशेषण व कार्याने क्रियाविशेषण ठरेल, आणि 'विकारी क्रियाविशेषण' या स्वतःशीच भांडणाऱ्या संज्ञेची गरज उरणार नाही.

यानंतर ज्यांना खऱ्या अर्थाने क्रियाविशेषण अव्यये म्हणता येईल असे मराठीचे शब्द कोणते, हा प्रश्न राहतो. 'पटकन', 'धाडकन', 'खुदकन', 'टचकन', 'मटकन', 'गटकन', 'चटदिशी', 'पटदिशी' या शब्दांत कोणतीही जुनी विभक्ती लपलेली नाही, ते कोणत्याही विशेषणापासून आलेले नाहीत आणि लिंगवचनाने हलत नाहीत. लॅटिनच्या 'बेने'ला वाटेल ते क्रियापद चालते. या शब्दांपैकी पुष्कळांची क्रियापदे मात्र ठरलेली असतात. खुदकन हसू येते, टचकन डोळ्यांत पाणी येते, मटकन माणूस बसतो, टुणकन उडी मारतो. खुदकन कोणी बसत नाही. तुलनाही त्यांना सोसत नाही, 'अधिक धाडकन' असे म्हणता येत नाही. काही शब्द ठरलेल्या क्रियेपलीकडे सरकलेले आहेत. 'पटकन' आता आवाजाचा राहिला नसून वेगाचा झाला आहे व कोणत्याही क्रियेला लागतो, तर 'धाडकन' अजून आपटण्याच्या आवाजाला घट्ट धरून आहे. कोणता शब्द किती क्रियापदांपर्यंत पोचला, त्याने आवाज केव्हा सोडला आणि वेग किंवा आकस्मिकता केव्हा घेतली, याची नोंद शब्दकोशांतील 'क्रि. वि.' या दोन अक्षरांत होऊ शकत नाही. ती घेण्यासाठी लॅटिनमधून आलेला कोणताही साचा उपयोगी पडणार नाही, आणि संस्कृतमधून आलेलाही नाही.